तुळईवरची बाटली

१

फलटणहून केरबाचा ट्रंककॉल आला तेव्हा मी ब्रुअरीच्या ऑफिसात चहा पीत होतो. बिअरच्या कारखान्यात माणसं दिवसभर चहाच पितात, यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

"कृष्णात, तुमची बिअर पिऊन दोन मान्सं दवाखान्यात पडल्यात!" केरबा ओरडत होता. "ओकाऱ्या थांबंनात. उरल्याला माल आजच्या आज उचला, न्हाईतर कॅनॉलात वततो!"

केरबा म्हणजे फलटणचा आमचा दुकानदार, आणि मी सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत 'शिलेदार' बिअर विकत हिंडणारा प्रतिनिधी. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, ऑगस्टचा शेवट. आमची ब्रुअरी कराडच्या बाहेर, हमरस्त्याला लागून. दारूबंदी सैल झाल्यावर आमचे मालक नाथाजीराव यांनी ती मोठ्या हौसेने काढली होती.

बिअर चांगली होती, हे मी पगारासाठी सांगत नाही. ती बनवणारा आकाराम हा माणूसच तसा होता. सैन्यातून परत आला, पुण्याला बिअरचं काम शिकला आणि इथे आला. हौदाच्या खोलीची किल्ली कमरेला लावूनच तो झोपायचा. त्या किल्लीनेच त्याचा घात केला.

"हौदात काहीतरी मिसळलंय," मी फोन खाली ठेवायच्या आत मॅनेजर कणसे यांनी निकाल दिला. "आणि किल्ली एकट्या आकारामकडं आहे. नवीन लेबल आलं त्या दिवशी तो सगळ्यांदेखत काय म्हणाला, आठवतंय ना मालक?"

आठवत होतं सगळ्यांनाच. जुन्या लेबलावर फेटा बांधलेला घोडेस्वार होता. लोक दुकानात 'शिलेदार' असं म्हणायचेच नाहीत, 'घोडा दे' म्हणायचे. कणसेंनी जुलैत ते लेबल बदललं. नव्या लेबलात कोपऱ्यावर उभा केलेला मोठा चौकोन, वरचा अर्धा पांढरा, त्यात घोड्याचं इवलंसं तोंड, आणि खालचा अर्धा भडक लाल. एकदम मुंबई थाट! ते बघून आकाराम भडकला होता. "ही बाटली कोन पितंय तेच बगतो मी," असं भर आवारात म्हणाला होता.

रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य आता त्याच्या गळ्यात आलं. नाथाजीरावांनी किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, "सोमवारी सकाळी पोलिसात लेखी तक्रार देणार. तोवर ह्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा न्हाई."

तो दिवस गुरुवार होता.

२

शुक्रवारी सकाळी आकारामची बायको अंजना माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"भावजी, जीप काढा. सांगलीला जायचंय, चौगुलेबाईंकडं."

आक्काताई चौगुले या सांगलीच्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अंजना त्यांची विद्यार्थिनी. या बाईंनी बोर्डिंगमधली चोरी, परीक्षेचा फुटलेला पेपर, असली प्रकरणं नुसत्या चौकशीवर सोडवली होती, ही गोष्ट अर्ध्या सांगलीला माहीत होती. मला काळजी वेगळीच होती. बाई जैन, कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या. त्या बिअरचं प्रकरण हातात घेणार कशा?

आक्काताईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "कृष्णात, तू विकतोस ते मला मुळीच पसंत नाही. पण न केलेल्या गुन्ह्यासाठी माणूस तुरुंगात जावा, हे त्याहून पसंत नाही. अट एकच. माझं जेवण दिवस मावळायच्या आत असतं. तेव्हा जे काय हिंडायचं ते उन्हात."

"बाई, पण तुम्ही चव कशी बघणार?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी बघितली ना? त्यानं काय कळलं तुम्हांला?"

आम्ही चौघांनी परत आलेल्या मालातले घोटावर घोट घेतले होते आणि चौघांची चार मतं पडली होती.

"मग मी बाकीचं सगळं बघते," त्या म्हणाल्या आणि डबा घेऊन जीपमध्ये बसल्यासुद्धा.

३

आकाराम घरात भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. सैन्यातला गडी एका दिवसात खचलेला बघून मला वाईट वाटलं.

"बाई, मी इस घालीन व्हय?" एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "धाकटी पोरगी साळंतनं रडत आली. पोरी म्हन्त्यात, तुजा बाप इस घालतो. जेलात गेलो तर गेलो, पर ह्ये नाव कसं पुसायचं?"

आक्काताईंनी एकच प्रश्न विचारला. "फलटणला गेला तोच माल आणखी कुठं गेला?"

"एकाच हौदाचा माल. बुचावर नंबर असतोय, सत्तावीस. त्यो फलटनला गेला, हितं आसपासच्या गावांत गेला, पाटनला गेला अन् सांगलीला."

पुढचं मला माहीत होतं. सांगलीच्या हॉटेलांत माल संपला होता. पाटणच्या दुकानदाराने तर आणखी मागवला होता. फलटण आणि कराडच्या आसपासच्या बागायती गावांत मात्र एक खोकं हलत नव्हतं, आणि हे दवाखान्याचं प्रकरण व्हायच्या आधीपासून.

"हौदात विष असतं तर पाटणचे लोक काय लोखंडाचे आहेत?" आक्काताई म्हणाल्या.

मग आम्ही कणसे मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो. माणूस बोलायला गोड. "बाई, तुम्हीच वास घ्या," असं म्हणत त्यांनी परत आलेली एक बाटली काढली. खिडकीतून वारा येत होता. कणसे उठले, टेबलाला वळसा घालून खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, हात लांब केला, तोंड बाजूला फिरवलं आणि मग बूच उडवलं. मला हसू आलं. स्वतःच्याच मालाची एवढी किळस!

"फलटणचे शेतकरी का पीत नसतील?" आक्काताईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"शेतकऱ्यांचं मला काय कळणार? मी साताऱ्याच्या पेठेत वाढलेला माणूस. ऊस बघितला तो रसवंतीत."

"आणि हे लेबल कुणाचं?"

"सांगलीच्या गुंडा पेंटरचं. नाटकांचे पडदे रंगवतो तो. सगळी कल्पना त्याचीच."

बाहेर येताना आक्काताईंनी नव्या लेबलाची एक भरलेली बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. चौगुलेबाईंच्या पिशवीत बिअरची बाटली! सांगलीत कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

४

शनिवारी उजाडता उजाडता फलटणचा रस्ता धरला. आजारी पडलेल्यांपैकी बाळकू घरी परत आला होता. गावाबाहेर त्याची वस्ती, पुढे ऊस, मागे कापूस. त्याची बायको धोंडुबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. आक्काताईंनी पिशवीतून बाटली काढून जमिनीवर ठेवली आणि त्या बाळकूसमोर बसल्या.

"मी चव विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पोटात कधी कालवलं ते सांगा."

बाळकू विचारात पडला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "आमी तिघं हुतो, बाई. मी, माजा चुलतभाऊ अन् मामा. केरबाच्या पोऱ्यानं आतनंच गिलास भरून आनलं. पयला गिलास ग्वाड लागला की! मग मी दुसरा वतायला बाटली उचलली, तवा कसंतरीच झालं. भावाच्या हातात दिली, त्यालाबी मळमळाय लागलं."

"आणि मामा?"

"त्यांस्नी काय न्हाई झालं. त्यांस्नी धड दिसत न्हाई. हातात दिल्याला गिलास तेवढा पितो म्हातारा. त्याच बाटलीतला दुसराबी पिला."

एकाच बाटलीतले तीन पेले, आणि न दिसणारा माणूस ठणठणीत. माझं डोकं गरगरायला लागलं. मी आक्काताईंकडे बघितलं, तर त्यांचं लक्ष भलतीकडेच.

धोंडुबाई भाकरीची टोपली घेऊन आली होती. जमिनीवरची बाटली बघून ती थबकली. टोपली खाली न ठेवताच तिने दोन बोटांनी बाटली उचलली, हात उंचावून तुळईवर ठेवली, मग रांजणापाशी जाऊन हात धुतले आणि परत आली. हे सगळं तिने इतक्या सवयीने केलं, की तिचं तिलाही कळलं नसावं.

"धोंडुबाई, बाटली वर का ठेवलीत?" आक्काताईंनी हळूच विचारलं.

धोंडुबाई गोंधळली. "का म्हंजे? भाकरी हाय न्हवं हितं. अन् पोरंसोरं हिंडत्यात."

आक्काताई उठल्या, तुळईखाली गेल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. आमच्या बाटलीशेजारी दुसरी एक बाटली होती, धुळीने माखलेली. त्यांनी ती उतरवायला लावली, लेबल पदराने पुसलं आणि मला दाखवलं. मग माझ्याही अंगावर काटा आला.

"सापडलं," आक्काताई म्हणाल्या. "आता सांगली गाठ. हे का झालं ते कळलं. कुणी केलं ते तिथं कळेल."

५

गुंडा पेंटर नाट्यगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राजदरबाराचा पडदा रंगवत होता. ऊन तिरपं झालं होतं आणि आक्काताईंची जेवणाची वेळ भरत आली होती. पण बाईंनी डबा उघडला नाही.

"चौकोन माझा न्हाई बाई," गुंडा म्हणाला. "आईशप्पत! मी झकास घोडेस्वार काढून दिला हुता. कणसेसाहेबांनी कागदाचा एक तुकडा आणला. म्हणाले, मोठा करून असाच्या असा काढ, आत घोड्याचं तोंड घाल. लेबल झाल्यावर तुकडा परत घेऊन गेले. वरचा अर्धा चौकोन कात्रीनं पोकळच केला हुता त्यात."

"तो तुकडा आता कुठं मिळणार!" मी हताश होऊन म्हणालो.

गुंडा हसला. "आमी पडदेवालं गड्या! समोर आलेल्या चित्राचा पातळ कागदावर खाका काढल्याशिवाय आमचा ब्रश चालत न्हाई. अन् खाका कवाच टाकत न्हाई. उद्या पुन्यांदा दरबार लागला तर?"

शेडच्या कोपऱ्यात कागदांची भली मोठी चवड होती. अर्धा तास शोधल्यावर तो पातळ कागद हाती आला. कोपऱ्यावर उभा चौकोन, खालच्या अर्ध्यात 'लाल' असं लिहिलेलं. आणि चौकोनाच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांची एक अर्धवट ओळ.

"ही ओळ तू काढलीस?"

"तुकड्यावर हुती, म्हणून काढली. मला विंग्रजी येत न्हाई. नक्षी समजून काढली."

आक्काताईंनी चष्मा सावरून ती ओळ वाचली. मग खांबाला टेकून बसत पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या आणि डबा उघडला. सूर्य मावळायला पाच मिनिटं होती.

६

रविवारी सकाळी अकरा वाजता ब्रुअरीच्या आवारात सगळे जमले. नाथाजीराव, कणसे, केरबा, बाळकू आणि त्याचा भाऊ, कराडचे सहा-सात दुकानदार, आमचे कामगार. आकाराम फाटकाच्या बाहेर उभा होता.

"त्याला आत घ्या," आक्काताई म्हणाल्या.

"सोमवारपर्यंत..." नाथाजीराव सुरू झाले.

"नाथाजीराव, तो आत आला नाही तर मीही बाहेर जाते."

आकाराम आत आला. बाईंच्या आवाजात अजून पाचशे मुली ओळीत उभ्या करायची ताकद होती.

टेबलावर दोन रांगांत बाटल्या मांडल्या होत्या. एका रांगेला जुनं घोडेस्वाराचं लेबल, दुसरीला नवं. दुकानदारांनी आधी घोडेस्वार चाखला. "ही खरी शिलेदार!" केरबा मिशी पुसत म्हणाला. "ह्यो माल द्या, आत्ता उचलतो." मग नवी बाटली आली. एकेकाचं तोंड वाकडं झालं. कुणी म्हणालं उग्र, कुणी म्हणालं कडवट. बाळकूने तर पेला ओठाला लावून तसाच खाली ठेवला.

"झालं सगळ्यांचं? आता बुचांवरचे नंबर वाचा."

केरबाने घोडेस्वाराच्या बाटल्यांची बुचं उचलली. "सत्तावीस," तो वाचायला लागला. "सत्तावीस... आवं, ह्यो तर मीच परत धाडल्याला माल!"

"तोच," आक्काताई म्हणाल्या. "काल रात्री कृष्णातनं तो अंजनाकडं नेऊन दिला, तिनं लेबलं भिजवून काढली आणि जुनी चिकटवली. आणि जिला तुम्ही उग्र म्हणालात ती ह्याच आठवड्यातली ताजी बिअर. सत्तावीसची बिअर आकाराम आणि कृष्णात काल रात्रीच पोटभर प्यायलेत, काळजी नको. तुमच्या जिभेनं नाही, डोळ्यांनी चव घेतली. आता हे बघा."

त्यांनी पिशवीतून धोंडुबाईच्या तुळईवरची दुसरी बाटली काढली. पिकावर फवारायच्या विषाची. तिच्या लेबलावर कोपऱ्यावर उभा चौकोन होता. वरच्या अर्ध्यात कवटी, खालचा अर्धा लालभडक.

केरबाने हातातला पेला खाली ठेवला आणि पुढे वाकून बघितलं.

"ही खूण छापायचा सरकारी नियम होऊन तीनच वर्षं झालीत," आक्काताई म्हणाल्या. "शहरात ती कुणाच्या नजरेत नाही. पाटणला भात-नाचणी, तिथं फवारणी नाही. पण ऊस-कापसाच्या गावात घराघरांत सांगून ठेवलंय, लाल कोपरा दिसला की हात लावायचा नाही. दुकानातली बाटली बघून माणूस मागं सरतो, आणि का सरलो ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. बाळकूनं प्यायल्यावर ती खूण बघितली आणि पोटानं धसका घेतला."

"म्हंजी त्या पेंटरनं घोटाळा केला?" नाथाजीराव म्हणाले.

"पेंटरनं नाही. आणि घोटाळा नाही, कारस्थान." त्यांनी गुंडाचा खाका उलगडला. "कणसे, तुम्ही दिलेल्या तुकड्याची ही नक्कल. खाली अर्धी इंग्रजी ओळ आहे. ह्या विषाचा उतारा काय, ते त्यात सांगितलंय. धोंडुबाईच्या बाटलीवर तीच ओळ पुरी आहे. पडताळून बघा."

कणसेंचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच गोड. "मासिकातला तुकडा होता बाई. आकार आवडला. मला ह्या फवारणीतलं काय कळतंय?"

"बरं. ही बाटली मी तीनदा धुऊन आणलीय. नाथाजीराव, जरा झाकण उघडा."

नाथाजीरावांनी ती सरळ नाकाखाली धरून उघडली. बाळकू किंचाळला, "आवं मालक, आसं नगं!"

"झाकण लावा. आता कणसे, तुम्ही."

कणसेंनी बाटली घेतली. आवारात वारा सुटला होता. ते दोन पावलं सरकून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, हात लांब केला, तोंड फिरवलं आणि झाकण पिळलं. मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर बाळकू हसत सुटला होता.

"लय दिस फवारलंय सायबांनी! वारं बगून उभं ऱ्हायलं!"

"शुक्रवारी बिअरची बाटलीसुद्धा अशीच उघडली तुम्ही," आक्काताई म्हणाल्या. "कुठल्या कंपनीची औषधं विकत होतात?"

कणसे खाली बसले. मग सगळं बाहेर पडलं. इथे येण्याआधी दोन वर्षं ते विदर्भात शेताच्या बांधावर फवारणीची प्रात्यक्षिकं देत होते. बाहेरची एक ब्रुअरी आमच्या भागात उतरणार होती. शिलेदार पडली, तर दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी कणसेंना मिळणार होती. "कुणाला दुखापत व्हावी असं माझ्या मनात नव्हतं," ते पुटपुटले. "माल पडून राहावा एवढंच."

"आणि दोन माणसं आजारी पडल्यावर?" आक्काताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "तेव्हा ह्याच्याकडं बोट कुणी दाखवलं?"

नाथाजीरावांनी हौदाची किल्ली खिशातून काढली आणि भर आवारात, सगळ्या कामगारांसमोर, आकारामपुढे दोन्ही हातांनी धरली.

"चुकलो, आकाराम. माफ कर."

आकारामने किल्ली घेतली नाही. "मालक, तुमी हितं माफी मागितली, ती मानली. पर इस घातल्याचं नाव फलटनच्या बाजारात झालंय. ते तितं पुसलं पायजे."

७

मंगळवारी आम्ही फलटणला निघालो. ट्रकभर शिलेदार, प्रत्येक बाटलीवर फेटेवाला घोडेस्वार. लेबलं लावणाऱ्या बायकांनी दोन दिवस हात थांबवला नव्हता. पुढे ड्रायव्हरशेजारी आकाराम, दाढी केलेला, सैन्यातला कोट घातलेला. मागची जीप मी चालवत होतो, तीत नाथाजीराव, अंजना आणि आक्काताई. बाई म्हणत होत्या, "मी बिअरच्या मिरवणुकीत जाते आहे, हे कुणाला सांगू नकोस." पण चेहऱ्यावरचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

केरबाच्या दुकानासमोर अर्धा बाजार लोटला होता. बाळकूने आणि केरबाने दोन दिवसांत सगळ्या गावाला गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलेली. नाथाजीराव ओट्यावर चढले आणि चुकलो म्हणून तिथेही हात जोडले. मग आकारामने त्यांच्याकडून किल्ली घेऊन कमरेला लावली, पहिली बाटली उघडली, पेला भरला आणि आधी स्वतः प्यायला. दुसरा भरून बाळकूपुढे धरला.

बाळकूने एका दमात पेला रिकामा केला, बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि पुन्हा पेला पुढे केला. "वता, आकारामदादा."

मग गर्दीच पुढे सरकली. केरबाला बुचं काढायला हात पुरेनात. मीही बाह्या सरसावून खोकी उतरवायला लागलो.

मागून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि त्याने मला विचारलं, "आकाराम म्हन्त्यात त्यो ह्योच का रं?"

माझ्या आधी अंजनाच बोलली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात.

"व्हय आजोबा, ह्योच! शिलेदार बनवनारा!"